टेम्पोमालक ‘ग्राहक’ केव्हा ठरतो: गाड्या मोजाव्यात की चालक पाहावा?

धागाकर्ता

नवी मालवाहू गाडी वारंवार बिघडू लागली, तर मालकाला ग्राहक आयोगात दाद मागता येईल की नाही, हे आपल्याकडे गाडीच्या दोषाआधी ती कोण चालवतो यावर ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा ग्राहक नसतो. मात्र केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनाची मानली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात याची फोड केली. रिक्षा किंवा ट्रक स्वतः चालवणारा ग्राहक होय, मदतीला एकदोन माणसे घेतली तरी तो ग्राहकच राहतो. पण गाडी सर्वस्वी दुसऱ्यानेच चालवायची असेल, तर घेणारा ग्राहक नव्हे.

माझ्या थोरल्या भावाने नारायणगावहून पुण्याच्या गुलटेकडी बाजारात टोमॅटो आणण्यासाठी छोटा डिझेल टेम्पो घेतला. दीड महिन्यात गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यामुळे त्याला चालक ठेवावा लागला. गाडी मात्र मध्येच इशाऱ्याचा पिवळा दिवा लावून लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन स्वतःला जपण्यासाठी ताकद कमी करते त्या स्थितीत, जाई, चाळिशीच्या वर वेग घेत नसे आणि क्रेट बाजारात पोहोचेपर्यंत लिलाव उरकलेला असे. वर्कशॉपच्या दुरुस्ती-नोंदींची नऊ जॉब कार्डे जमली असून, त्यांपैकी चारांवर ‘दोष आढळला नाही’ एवढाच शेरा आहे. आयोगात कंपनीचा पहिला आक्षेप या नऊ कार्डांवर नव्हताच. चालक पगारी आहे, म्हणून तक्रारदार ग्राहक नाही, असा तो होता.

अमेरिकेत अशा सदोष नव्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात; पुरेशी संधी देऊनही ती दुरुस्त झाली नाही, तर कंपनीला पैसे परत करावे लागू शकतात. कॅलिफोर्नियाचा कायदा धंद्याच्या गाडीलाही संरक्षण देतो आणि चालक कोण हे न विचारता मालकाच्या नावावर त्या राज्यात पाचांपेक्षा जास्त गाड्या नाहीत ना, एवढे विचारतो. आपल्याकडेही अशीच मोजणी हवी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद: वर्कशॉपमध्ये नोकरी करणारा

आपल्या भावाविषयी सहानुभूती आहे, तरीही मी या मागणीच्या विरोधात आहे. पिवळ्या दिव्याची गोष्ट आम्ही रोज पाहतो. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर आला. ती काजळी जाळण्यासाठी सायलेन्सरमधील वायू पुरेसे तापावे लागतात आणि त्यासाठी इंजिन काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावे लागते. गाडी दिवसभर गल्लीबोळांत थांबत-थांबत फिरवली, दिवा लागूनही तशीच दामटली, की फिल्टर तुंबतो आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी वेग तोडते. याला उत्पादनातील दोष म्हणायचे कसे? त्यात क्षमतेच्या दीडपट माल भरणे ही आपल्याकडची रीतच आहे. अमुक वेळा वर्कशॉप दाखवले की पैसे परत, असा नियम झाला, तर दोष वापराचा असला तरी भुर्दंड कंपनीवर पडेल आणि अखेर तो गाडीच्या किमतीतूनच वसूल होईल.

प्रतिसाद: ग्राहक आयोगात वकिली करणारी

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. ‘व्यापारी प्रयोजन’ ही गोष्ट आजही प्रकरणागणिक, खरेदीचा मुख्य हेतू पाहून ठरते. लीलावती रुग्णालय चालवणाऱ्या न्यासाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये न्यासाला ग्राहक मानले. आजारपणामुळे चालक ठेवणारा टेम्पोवाला त्या कसोटीवर टिकू शकतो. पाचाचा आकडा लिहिला, तर सहा जुने टेम्पो चालवणारे कुटुंब मात्र कायमचे बाहेर पडेल.

खरी अडचण पुराव्याची आहे. तपासणीशिवाय दोष कळण्यासारखा नसेल, तर कलम ३८ प्रमाणे वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवता येते, परंतु त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगितले जाऊ शकते. कायद्याने अशा प्रकरणासाठी पाच महिन्यांची मुदत सुचवली आहे. ती किती पाळली जाते, हे तारखा घेणाऱ्यांना सांगायला नको. त्यातून दोष सिद्ध झालाच, तरी वॉरंटीत सुटा भाग बदलून देण्याचेच वचन असेल तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, हा २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनी पुढे करतेच.

प्रतिसाद: कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे राहणारा

इथल्या कायद्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. धंद्याची गाडी एकूण वजनाने १०,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४,५०० किलोंच्या, आत असावी लागते. त्यामुळे मोठ्या व्हॅनना हे संरक्षण मिळत नाही. पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत, यांपैकी जे आधी होईल तोवर, एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, जिवाला धोका असलेल्या दोषासाठी दोन वेळा झाला, किंवा गाडी दुरुस्तीसाठी एकूण तीस दिवसांहून अधिक अडकली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असे गृहीत धरतात. पण हे केवळ गृहीतक आहे आणि कंपनी ते खोडू शकते. गैरवापरामुळे झालेला बिघाड तर मुळातच यात बसत नाही, त्यामुळे वर्कशॉपवाल्यांची भीती अवाजवी वाटते. परताव्यातूनही पहिल्या दुरुस्तीआधी झालेल्या मैलांच्या हिशेबाने वापराची रक्कम कापली जाते.

धागाकर्ता

सहा टेम्पोंच्या कुटुंबाचा मुद्दा मला मान्य आहे. आकडा पाच असावा की दहा, यावर माझा हट्ट नाही. फिल्टरच्या स्पष्टीकरणाबद्दल मात्र एवढेच सांगतो, की आमची गाडी गल्लीत नव्हे तर नाशिक महामार्गावर रोज पाऊणशे किलोमीटर सलग धावत होती आणि वजनकाट्याच्या पावत्या आमच्याकडे आहेत. दोष वापराचा की बनावटीचा, हाच वाद आम्हालाही घालायचा आहे; तो घालण्याची पाळीच येत नाही, ही तक्रार आहे. पुढच्या तारखेला आम्ही भावाचे लायसन्स, डिस्चार्ज कार्ड आणि चालकाच्या पगाराची वही दाखल करणार आहोत. जॉब कार्डांची फाइल या वेळीही पिशवीतच राहील, असे दिसते.