म्युझियममध्ये सिनेमे कशाला?

एकांनी विचारलंय, कलासंग्रहालयात चित्रं बघायची की सिनेमे? वर तिथे सिनेमा बघणं गैरसोयीचं, असंही त्यांचं म्हणणं. अहो, न्यूयॉर्कच्या मोमाने (तेच, म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) १९३५ सालीच सिनेमाचा वेगळा विभाग काढला होता. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ सिनेमाचा जगातला पहिला खेळ कलकत्त्यात नाही, तिथे झाला. तारीख ३ मे १९५५, आणि निमित्त काय, तर भारतीय वस्त्रं आणि अलंकारांचं प्रदर्शन! सोबत अली अकबर खाँचा सरोद आणि शांता राव यांचं नृत्य. प्रिंट शेवटच्या घटकेला तयार झालेली, सबटायटल्स नाहीतच. कलकत्त्यात तो लागला थेट २६ ऑगस्टला.

आता तुमचा गैरसोयीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. मागे एका संग्रहालयात चित्रकारावरचा माहितीपट बघायला गेलो होतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडकीला चिकटपट्टीने लावलेला काळा कागद. तो मध्येच सुटला आणि पडद्यावर उन्हाचा पट्टा! तेही चाललं असतं. पण खेळ संपला तेव्हा दालनं बंद, आणि त्याच चित्रकाराची चित्रं वरच्या मजल्यावर कुलपात. निदान खेळाच्या दिवशी तरी तासभर जास्त उघडं ठेवा की.