गिटारचा नट निघत नाहीये, मदत हवी आहे

अकूस्टिक गिटार आहे, नट (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात) प्लॅस्टिकचा, 43 मिमी. पहिली तार मोकळी वाजवली की झणझणते, कुठल्याही फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबली की स्वच्छ. म्हणजे नटाची खाचच खोल गेलीय. सुपरग्लू आणि खायचा सोडा भरून पाहिला, पंधरा दिवस टिकला.

आता हाडाचा नट मागवलाय. तारा काढल्या, दोन्ही बाजूंनी पॉलिशवर ब्लेडने रेघ मारली, फ्रेटबोर्डकडून लाकडी ठोकळा लावून हळूच ठोकलं. ढिम्म हलत नाही! हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या बाजूला) पॉलिशचा बारीक टवका मात्र उडाला, म्हणून थांबलो.

परभणीत गिटार दुरुस्त करणारं कुणी सापडलं नाही. जुना नट वाचवायचा नाहीये. हेअर ड्रायरने डिंक सैल करू, की नट मधोमध उभा कापून पकडीने चिरडू? कापायचा तर खालच्या लाकडाला करवत लागू नये म्हणून किती खोल जायचं?