परदेशी ओळखपत्र आणि रात्रीचा दरवाजा : तुमचे अनुभव लिहा

गेल्या शनिवारी आम्ही ऑफिसातल्या सहाजणी रात्री नाचायला बाहेर पडलो. चौघी ऑफिस आहे त्याच देशातल्या, मी आणि आणखी एक मैत्रीण परदेशी. दारावरच्या माणसाने चौघींची कार्डं टॉर्चखाली धरली, पाहिली न पाहिली आणि त्यांना आत सोडलं. माझा पासपोर्ट हातात आल्यावर मात्र तो पानं उलटत बसला. व्हिसा, शिक्के, शेवटचं कोरं पान. मग फोटोवर अंगठा घासून पाहिला आणि म्हणाला, "हे आम्ही घेत नाही." का, विचारलं तर म्हणे मागचे लोक खोळंबलेत.

माझ्या मागेच ती दुसरी परदेशी मैत्रीण होती. तिच्याकडेही पासपोर्टच होता, वेगळ्या देशाचा. तो त्याने उघडलासुद्धा नाही. कव्हर बघितलं आणि हाताने "आत जा" म्हणाला.

मी छत्तीस वर्षांची आहे, वयाची शंका कुणाला येण्यासारखी नाही. आत गेलेल्या चौघी परत बाहेर आल्या, "चल गं, दुसरीकडे जाऊ" म्हणाल्या. तोवर धरून ठेवलेलं रडू त्यांच्या त्या मायेने फुटलं. चार दिवस झाले, तो अंगठा डोळ्यांसमोरून जात नाही.

तुमच्या बाबतीत असं झालंय का? तेव्हा काय बोललात, नंतर काय केलंत? जागेचं नाव नको, पण प्रसंग नीट सांगा.

———

माझा घोळ तारखेचा होता. माझा जन्म ११ मेचा, कार्डावर ११/०५. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे दारावरच्याने ५ नोव्हेंबर वाचलं. तेव्हा सप्टेंबर चालू होता. मला एकविसावं पूर्ण होऊन चार महिने झाले होते, त्याच्या हिशोबाने अजून दोन बाकी होते. समजावायला गेलो तर आवाज चढवला, "मला माझं काम शिकवू नकोस." मित्रांसमोर मी खोटारडा ठरलो.

तेव्हापासून पासपोर्टच नेतो आणि फोटोच्या पानावर तळाच्या दोन ओळींपैकी दुसरीवर बोट ठेवतो. प्रत्येक ओळीत अक्षरं, आकडे आणि चिन्हं मिळून ४४ खुणा असतात. दुसऱ्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर लगेच जन्मतारीख येते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कुठल्याही देशाचा पासपोर्ट असो, क्रम हाच. शांतपणे दाखवलं तर बरेचजण ऐकतात.

———

मी पलीकडच्या बाजूने लिहितोय. शिकत असताना दोन वर्षं मी दारावर उभा राहायचो.

आमच्याकडच्या मशीनला तिथल्या लायसनच्या मागचा बारकोड तेवढा वाचता यायचा. परदेशी कार्ड धरलं की पडद्यावर लाल. लाल म्हणजे खोटं नव्हे, मशीनला वाचता आलं नाही इतकंच, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अल्पवयीन मुलगा आत गेला तर दंड आणि दारूच्या परवान्यावर गदा, आणि ज्याने सोडलं त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा. उलट बरोबर कागद असलेल्या माणसाला परत पाठवलं तर कुणी विचारत नाही. म्हणून शंका आली की "नाही" म्हणायचं, हे अंगवळणी पडतं.

इथवर भीती आणि अज्ञान म्हणता येईल. पण काही रात्री काम सुरू व्हायच्या आधी मॅनेजर यायचा आणि अमुक देशाची पोरं आज नकोत, असं सांगायचा. "तसं बोलू नका, कागद चालत नाही म्हणा." मी म्हणालो तसं. चांगले खरे पासपोर्ट हातात घेऊन म्हणालो. एक मुलगा आठवतो, नवा शर्ट घातलेला, बरोबर मैत्रीण. त्याने वाद घातला नाही. पासपोर्ट घेतला, दोन्ही हातांनी खिशात नीट ठेवला आणि तिला म्हणाला, "माझीच चूक, दुसरं कार्ड आणायला हवं होतं." त्याची काहीही चूक नव्हती. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. ताई, तुमच्या दारावरच्याने कव्हर बघून निर्णय घेतला असेल तर तो मशीनचा प्रश्न नव्हता.

———

आम्हा पाचजणांना "आज फक्त सभासदांसाठी" सांगितलं. आमच्या पुढचा ग्रुप रस्त्यावरून सहज चालत आला होता, आमच्यासमोर आत गेला. आमचे पासपोर्ट खिशातून बाहेरही आले नव्हते.

———

मला जास्त लागतं ते हे, की मी आठ वर्षं ज्या देशात राहते, कर भरते, त्याच देशाच्या सरकारने दिलेलं निवास कार्ड दारावर चालत नाही. फोटो आहे, जन्मतारीख आहे, चिप आहे. "पासपोर्ट आणा." आणला एकदा. त्याच रात्री गर्दीत पर्स गेली. पोलिसांत तक्रार, वकिलातीत खेटे, नव्या पासपोर्टसाठी सात आठवडे, आणि दरम्यान वडील आजारी असून जाता आलं नाही. ते बरे आहेत आता, पण ते सात आठवडे मी विसरणार नाही. रंगीत झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो दाखवला तर हाकलतात. म्हणजे जिवापाड जपायची वस्तू अंधारात, गर्दीत घेऊन फिरा, नाहीतर घरी बसा. हल्ली मी घरीच बसते.

———

वरच्या ताईंचं वाचून वाईट वाटलं. घरी बसू नका हो.

थोडं कायद्याचं लिहितो, कारण माझं प्रकरण मी तक्रारीपर्यंत नेलं होतं. कुठला कागद स्वीकारायचा हे ठरवायला जागेच्या मालकाला बरीच मोकळीक असते. पण तोच नियम एकाला लावायचा आणि दुसऱ्याला नाही, हे वंश किंवा राष्ट्रीयत्व बघून होत असेल तर अनेक देशांत ते बेकायदा आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात 'वंश' या शब्दात राष्ट्रीयत्वही येतं. जर्मनीत २००६ चा समान वागणुकीचा कायदा क्लबच्या दारालाही लागतो, मात्र भरपाईचा दावा दोन महिन्यांच्या आत कळवावा लागतो. ही मुदत फार लोकांची हुकते. फ्रान्समध्ये एसओएस रासिस्म या वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने क्लबच्या दारांवर वेगवेगळ्या वंशाच्या जोड्या पाठवून फरक उघड केला. अशा चाचणीला २००६ साली तिथल्या कायद्याने पुरावा म्हणून मान्यता दिली.

म्हणून त्याच रात्री लिहून ठेवा : वेळ, कोणता कागद दाखवला, नेमके शब्द, आणि तोच कागद दाखवून कोण आत गेलं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. माझ्याकडे तीच नव्हती, म्हणून माझी तक्रार पुढे सरकली नाही.

———

धागा मी काढलाय, पुन्हा लिहिते. माझ्याकडे ती गोष्ट आहे. माझी मैत्रीण साक्षीला तयार आहे, तिने आपण होऊन फोन केला. काल दुपारी आम्ही दोघी त्या जागी गेलो आणि प्रवेशाचा नियम लेखी मागितला. मॅनेजरने छापील कागद दिला. त्यावर साधं वाक्य आहे : मुदत न संपलेला कोणत्याही देशाचा पासपोर्ट चालेल. मी त्या खाली शनिवारची तारीख, वेळ आणि घडलेलं सगळं लिहून त्याची सही मागितली. त्याने खूप वेळ कागद वाचला, मग पोच म्हणून सही केली.

दारावर काम केलेल्या दादांना एक विचारायचंय. तुम्ही तेव्हा गप्प बसलात असं लिहिलंत. आता असा जबाब लेखी द्यायची वेळ आली, तर द्याल का?