कमलाबाई गोखले : ‘पहिली अभिनेत्री’ हे बिरुद पुरेसे आहे का?

धागालेखक : कमलाबाई गोखले यांचे नाव निघाले की दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘भारतीय चित्रपटातील पहिली अभिनेत्री’ हे बिरुद, एवढ्यावर आपण थांबतो. त्या मूकपटात मोहिनी साकारताना त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. त्यांची उमेदीची वर्षे गेली ती फिरत्या नाटक मंडळ्यांत. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर त्यांनी मुलांना वाढवले ते रंगभूमीच्या मिळकतीवर, आणि बालगंधर्व शालू नेसून प्रेक्षकांना वेड लावत होते त्या काळात या बाई पुरुषभूमिका गाजवत होत्या. बिरुदाने ही सारी कारकीर्द झाकोळली आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ : असहमत. त्याच वर्षीच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांनी वेश्यावस्तीतही विचारणा केली, तरी स्त्री मिळाली नाही आणि तारामती अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना व्हावे लागले. नाटकात तोवर स्त्रियांच्या मंडळ्याही होत्या. कॅमेऱ्यासमोर येण्याचे धाडस मात्र नवे होते. ते वय तेरा असल्याने लहान ठरत नाही.

प्रतिसाद २ : आपण दोघेही दुर्गाबाई कामतांना विसरलात. त्याच चित्रपटात पार्वती झालेल्या दुर्गाबाई या कमलाबाईंच्या आई. पतीपासून विभक्त झाल्यावर लेकीला घेऊन नाटक मंडळीत शिरण्याचा निर्णय त्यांचा होता. तेरा वर्षांच्या मुलीच्या धाडसाबद्दल बोलताना ते कोणाचे होते, हेही विचारायला हवे.

धागालेखक : दुर्गाबाईंचा उल्लेख मीच करायला हवा होता, ही चूक मान्य आहे, पण त्यामुळे माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. या मायलेकी फाळक्यांना मिळाल्या, कारण त्या आधीपासून नाटकात होत्या. शिवाय १९१३ मध्ये स्त्रियांसाठी दार उघडले म्हणावे, तर १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंके यांनीच केल्या.

प्रतिसाद १ : ‘लंकादहन’चा दाखला बिनतोड आहे. तरीही रीना मोहन यांना वृद्ध कमलाबाईंवर माहितीपट करावासा वाटला, त्यामागे हे बिरुद मुळीच नसेल, असे म्हणवत नाही.