अनुभव धागा: मुंबईची ट्राम आणि ती गेल्यानंतरचे दिवस

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेली ट्राम मुंबईतली शेवटची. ज्यांनी ट्रामने शाळा, कचेरी गाठली ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणी लिहून ठेवायला हव्यात, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी: ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी. ७ मे १९०७ ला विजेची आली, १९२० मध्ये दुमजली. मला सगळ्यांत मोठी वाटते ती भाड्याची गोष्ट. सुरुवातीला कुलाबा-पायधुणीला तीन आणे पडत, पुढे दोन, आणि १८९९ मध्ये एक आणा. माझ्या मते, साध्या माणसाची ट्राम तिथून सुरू झाली.

ऐकीव आठवणीही चालतील, फक्त कोणाकडून ऐकल्या ते सांगा. आणि ट्राम गेल्यावर घरात काय बदललं, तेही लिहा.

लालबागकर
वडील, म्हणजे अण्णा, फोर्टात एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. लोकल जवळ असूनही ते ट्रामनेच जात, कारण बसायला मिळे आणि ट्राम सावकाश जाई. तेवढ्या वेळात त्यांचं वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून व्हायचं. जुळणीच्या चुका दिसल्या की पेन्सिलने खुणा करायचे आणि संध्याकाळी मला दाखवायचे. माझं शुद्धलेखन शाळेत कमी आणि त्या खुणांवर जास्त झालं. रविवारी कधीतरी आम्हां भावंडांना वरच्या मजल्यावर बसवून कुलाब्यापर्यंत न्यायचे. उतरून काही करायचं नसे, नुसता वारा खात परत यायचं.
ट्राम बंद झाल्यावर ते बसने जाऊ लागले. लवकर पोचत, पण उभ्याने. वर्तमानपत्र घडी घालून पिशवीत, ते रात्री जेवणानंतर उघडायचं. तोवर डोळे मिटायला लागलेले. पेन्सिलच्या खुणा हळूहळू थांबल्या. अण्णा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं.

दादरची नात
आजोबा ट्रामवर कंडक्टर होते. हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. डोक्यावरच्या तारेला टेकलेला दांडा कधीकधी सांध्यावर निसटायचा. गाडी जागच्या जागी थांबायची, दिवे जायचे. मग खाली उतरून, मागची दोरी ओढून दांडा पुन्हा तारेवर बसवायचा. पावसात आणि रात्री हे काम नको वाटे, असं ते म्हणत. शेवटच्या रात्री त्यांची पाळी नव्हती, तरी गेले. गर्दीमुळे आत पाय ठेवायला मिळाला नाही. पुढे ते बसवर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले.

गिरगाव, मागची गल्ली
वरच्या आठवणी वाचून भरून आलं, तरीही ट्राम जायला हवी होती असंच माझं मत आहे. रूळ रस्त्याच्या मधोमध. उतरायचं ते थेट मोटारींमध्ये. माझ्या भावाच्या सायकलचं चाक पावसात रुळाच्या खाचेत अडकलं आणि त्याचा हात मोडला. एक ट्राम बंद पडली की मागच्या सगळ्या ओळीने उभ्या. बस बाजूने निघून जाते. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली. तिला रूळ लागत नव्हते, म्हणून उपनगरं वाढली तिथे बस पोचू शकली.
मला हळहळ वाटते ती ट्रॉलीबसची. विजेची, बिनरुळांची, धूर नाही. जून १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगाव सुरू झाली आणि १९७१ च्या मार्चमध्ये बंदही झाली. ती वाढवायला हवी होती. आज धुरात उभं राहिलं की हे पुन्हा पटतं.

कोलकात्याहून
आम्ही मराठी, पण दोन पिढ्या इथेच. इथली ट्राम १८७३ ची, मुंबईच्या आधीची. दोन डबे असत, पुढच्या पहिल्या वर्गात पंखे, मागच्या दुसऱ्यात नाहीत, आणि भाड्यात थोडा फरक. धागाकर्त्यांनी भाड्याचं लिहिलंय ते अगदी खरं. १९५३ मध्ये दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवल्यावर इथे रस्त्यावर केवढं आंदोलन पेटलं होतं! बाबा सांगत, एक पैसा म्हणजे लोकांच्या रोजच्या हिशेबातला पैसा होता. मुंबईने निदान ठरवून ट्राम बंद केली. इथे एकेक मार्ग कमी होत गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने मैदान-एस्प्लनेड एवढाच तुकडा ठेवणार असल्याचं जाहीर केलं. मी अजून चिडलेला आहे.

वडाळ्याची
बेस्टच्या, म्हणजे मुंबईच्या बससेवेच्या, ‘आणिक’ नावाच्या आगारातल्या संग्रहालयात ट्रामच्या प्रतिकृती आहेत. आजीला घेऊन गेले होते. तिथे उभ्याउभ्या तिने मला तिच्या शाळेचा सगळा रस्ता थांब्यांसकट सांगितला. लालबागकर काका, अण्णांच्या खुणा असलेला एखादा अंक घरात उरला असेल तर फोटो टाका ना.