घाटात पेडल खाली गेले: रोजच्या गाडीला मोठे ब्रेक बसवून घ्यावेत का?

राजारामपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, चाके चौदा इंची आहेत आणि आतापर्यंत सुमारे ऐंशी हजार किलोमीटर झाले आहेत. रोजचे चालवणे राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एवढेच असले, तरी सासुरवाडी कणकवलीची असल्यामुळे महिन्यातून एकदा राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरावा लागतो.

गेल्या महिन्यात गाडीत आम्ही पाच जण आणि डिकीभर सामान होते. घाटात पुढे एक भरलेला ट्रक होता आणि त्याच्या मागे मी जवळजवळ सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलो. शेवटच्या काही वळणांवर जळका वास येऊ लागला आणि एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले. दोन-तीनदा पंप केल्यावर कसाबसा ब्रेक लागला. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो, त्यानंतर कणकवलीपर्यंत काहीही त्रास झाला नाही.

परत आल्यावर शहरातील एका ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारले, तेव्हा त्यांनी पुढे छिद्रांच्या मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबून धरणारे भाग), स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) आणि मागे ड्रमच्या जागी डिस्क असा सत्तर हजारांचा अंदाज हातात ठेवला. वडिलांचे म्हणणे असे की गाडीचे ब्रेक चांगले आहेत, माझा पाय वाईट आहे. अशा वापरासाठी एवढा खर्च करण्यात खरोखर अर्थ आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

जुना मिस्त्री

वडिलांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. उरलेला निम्मा दोष बोनेटखालच्या त्या लहानशा बाटलीत असावा असे मला वाटते.

तापलेल्या ब्रेकचे दोन निरनिराळे आजार असतात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. पेडल कडक राहते, पाय पूर्ण जोर लावतो, पण गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅडचा मसाला त्याच्या सहनशक्तीपलीकडे तापलेला असतो. याउलट पेडलच खाली जाते, पंप केल्यावर थोडे वर येते आणि गाडी थंड झाल्यावर सगळे आपोआप पूर्ववत होते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेले असते. ऑइल दाबले जात नाही म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचतो. ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्यांना दाबण्यात खर्च होतो. तुम्ही जे वर्णन केले आहे ते या दुसऱ्या आजाराचे आहे. वास मात्र पॅडचा होता, म्हणजे पहिलाही आजार उंबरठ्यावर येऊन उभा होता.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस पाहता ते काम इथे जोरात चालते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर तो किमान १५५ अंश एवढाच अपेक्षित असतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचे असते. नुसते वरून भरणे म्हणजे बदलणे नव्हे. चारही चाकांच्या निपलमधून (ऑइल काढण्याच्या तोटीतून) जुने काढून, हवा न शिरू देता नवे भरावे लागते. तुमच्या गाडीचे ऑइल शेवटचे कधी बदलले, हे आधी सांगा. सत्तर हजारांचे नंतर बोलू.

राजारामपुरीकर

काका, सर्व्हिसची सगळी बिले काढून पाहिली. ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ तीन ठिकाणी आहे, ‘बदलले’ असे एकाही ठिकाणी नाही.

शिकवणारा माणूस

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून थोडे गणित मांडतो. कंटाळा आल्यास सोडून द्यावे.

ब्रेकचे काम गतीची ऊर्जा उष्णतेत बदलण्याचे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदा पूर्ण थांबवताना जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्या सुमारे पावणेतेरा पट ऊर्जा तीच गाडी पाचशे मीटर उंची उतरताना सोडते. गाडीचे वजन दोन्हीकडे सारखेच येत असल्यामुळे हे गुणोत्तर हॅचबॅकला आणि ट्रकलाही लागू पडते. यातील काही भाग हवा आणि टायर घेतात हे खरे, पण गाडी न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये सोडली, तर उरलेले सगळे पुढच्या दोन डिस्कच्या आणि मागच्या दोन ड्रमच्या माथी येते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात की इंजिन त्यातील मोठा वाटा स्वतःकडे घेते, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असताना आजच्या गाड्यांचे इंजिन बहुधा पेट्रोलही घेत नाही. जो गिअर चढताना लागतो तोच उतरताना ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियम या गणिताशी तंतोतंत जुळतो.

आता दुसरी बाजू. दुकानदार तुम्हाला ‘गाडी लवकर थांबेल’ असे सांगेल. जोरात ब्रेक दाबल्यावर तुमच्या गाडीचा एबीएस कोरड्या रस्त्यावर थरथरू लागत असेल, तर चाक जाम करण्याइतकी ताकद मूळ ब्रेकमध्ये आहे हे तिथेच सिद्ध होते, आणि त्यापुढे थांबण्याचे अंतर टायर व रस्ता यांच्यातील पकड ठरवते. ताशी ८० वरून चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावर साधारण ३२ मीटरमध्ये गाडी थांबते. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरने पकड निम्मी झाली तर तेच अंतर दुप्पट होते. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर त्यात आणखी २२ मीटर गेलेले असतात. ऊसहंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली दोन ट्रॉल्यांची जोडी अचानक पुढे दिसते, तेव्हा चार पिस्टनचे कॅलिपर यातील एकही मीटर परत देत नाहीत.

टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात, ते पाहा. ‘३२१८’ असेल तर तो टायर २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. गाडीबरोबर आलेलेच टायर अजून असतील, तर सत्तर हजारांपैकी पहिले पैसे तिकडे जावेत.

उद्यमनगरकर

ओतकामाच्या धंद्यात आमची दुसरी पिढी आहे, त्यामुळे डिस्कविषयी तेवढे बोलतो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधून वाहनांचे भाग देशभर जातात, आणि तरीही याच गावात लोक डिस्क विकत घेताना तिच्यावरची छिद्रे मोजतात, याचे मला फार नवल वाटते.

डिस्क बहुतेक वेळा साध्या करड्या बिडाची असते, आणि ती स्वस्त पडते म्हणून नव्हे, तर या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात पसरलेले असते, ते उष्णता पटकन वाहून नेते आणि आवाजही जिरवते. डिस्क किती उष्णता पोटात घेऊ शकेल, हे तिच्या वजनावर ठरते. छिद्रे पाडली म्हणजे वजन कमी केले. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटत, त्यांना वाट देण्यासाठी ही छिद्रे आणि खाचा आल्या. आजच्या पॅडला रस्त्यावरच्या वापरात त्याची फारशी गरज नसते. पावसात पाण्याचा थर फुटून पहिली पकड थोडी लवकर मिळते, एवढे श्रेय देता येईल. मात्र वारंवार तापून थंड होताना भेग पडते ती बहुधा छिद्राच्या काठावरूनच, आणि एका छिद्रातून निघालेली केसासारखी रेघ शेजारच्या छिद्राकडे जाताना मी स्वतः पाहिली आहे. मोठी, बिनछिद्रांची, आतून हवा खेळणारी डिस्क ही खरी सुधारणा आहे. पण ती चौदा इंची रिममध्ये मावेलच असे नाही, मग रिम, मग टायर, असे बिल वाढत जाते.

तुमच्या डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी ओतलेली किंवा कोरलेली असते. मायक्रोमीटर लावून ती पाहून घ्या. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते म्हणून ‘डिस्क वाकली’ असे निदान करून लोक सरळ लेथ मारायला (यंत्रावर घासून सपाट करायला) आणतात. पुष्कळदा डिस्क आणि हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) यांच्यामध्ये साचलेला गंज हेच कारण असते; तो घासून काढून डायल गेज लावला की काटा जागेवर येतो. विनाकारण लेथ मारलेली डिस्क पातळ होते आणि पुढच्या घाटात अधिक लवकर तापते.

एक विनंती. पावसाळ्यात घाट उतरून लगेच धबधब्याखाली गाडी धुण्याची आपल्याकडे हौस आहे. लाल होण्याच्या बेतात असलेल्या बिडावर थंड पाणी ओतल्यावर काय होते, हे आमच्या भट्टीवरच्या नव्या पोरालाही माहीत असते.

आंबा घाट नेहमीचा

वरच्या सगळ्यांशी मी सहमत आहे, पण ‘मूळ ब्रेकच पुरे’ हे सरसकट मान्य नाही. माझी सात आसनी डिझेल गाडी आहे आणि आठवड्यातून एकदा माल व माणसे घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला जाते. ऑइल वेळेवर बदलूनही उन्हाळ्यात खाली पोहोचेपर्यंत ब्रेक मंदावत असत. मी अधिक तापमान सहन करणारे सेमी-मेटॅलिक पॅड टाकले, डॉट ४ च्या जागी डॉट ५.१ भरले, आणि जुने रबरी होज बदलताना जाळीचे घेतले. साखरप्याला पोहोचल्यावर पेडल शाहूवाडीत होते तसेच राहू लागले. डॉट ५ वेगळे, सिलिकॉनचे. ते चुकूनही यात मिसळू नये. या पॅडचा भुसा जास्त पडतो, रिम काळ्या होतात आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला किंचित चीं आवाज येतो. शर्यतीचे म्हणून विकले जाणारे पॅड मात्र घेऊ नका. तापल्याशिवाय ते नीट धरत नाहीत, आणि बिंदू चौकात समोर शाळकरी पोर आले तर पॅड तापेपर्यंत कोण थांबणार?

पंचविशीत मला नाद होता तेव्हा मोठ्या कॅलिपरचा संचही बसवून झाला आहे. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा) मूळचाच आणि कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यामुळे पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले. पुढची पकड वाढली, मागची तशीच राहिली, आणि कंपनीने जुळवून दिलेला पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल गेला. मित्रांनी कौतुक पुष्कळ केले, कारण रिममधून लाल कॅलिपर दिसत. आठ महिन्यांनी मूळचे सामान परत चढवले.

मागच्या ड्रमची डिस्क करण्याचाही विचार सोडा. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येते, त्यामुळे बहुतेक काम पुढचीच चाके करतात. शिवाय हँडब्रेकची सगळी जुळणी नव्याने करावी लागते. तोच पैसा ड्रममधले लायनर (घासणारा थर) आणि ते बाहेर ढकलणारे व्हील सिलिंडर तपासण्यात घाला.

विम्याचे काम करणारा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. ब्रेकचा तिथे थेट उल्लेख नसला तरी, न कळवलेल्या फेरफारावरून अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद होतात, म्हणून मूळ प्रतीचेच पॅड, डिस्क आणि ऑइल यांच्यापलीकडे जायचे असल्यास विमा कंपनीला आधी लेखी कळवावे.

राजारामपुरीकर

सर्वांचे आभार. दुकानाला नकार कळवला आणि उद्यमनगरातील एका ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली, तिथे जे दिसले ते लिहितो.

बाटलीतील ऑइल कोऱ्या चहासारखे होते. त्यांनी पेनसारखे एक तपासणीचे यंत्र बुडवले, तर शेवटचा लाल दिवा लागला. पुढचे डावे चाक काढल्यावर आतला पॅड जेमतेम दोन मिलिमीटर उरलेला आणि बाहेरचा सात मिलिमीटर, असा प्रकार निघाला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांपैकी खालची पिन गंजून जाम झाली होती. मिस्त्रींनी ती पकडीत धरून हातोडीने हलके ठोकत बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर ग्रीसऐवजी तपकिरी पूड होती आणि रबरी टोपी फाटलेली होती. म्हणजे ते चाक घाटातच नव्हे, सपाटीवरही थोडे थोडे धरूनच फिरत असणार. डिस्कवरचा आकडा २० आणि मोजलेली जाडी २०.९ भरली, म्हणून ती ठेवली.

पिना, टोप्या, पुढचे पॅड, चारही चाकांचे ऑइल डॉट ४ आणि मागचे ड्रम साफ करून जुळणी, एवढ्याचे मजुरीसह सहा हजारांच्या आत बिल झाले. टायरवर ‘१४१८’ निघाले, तेव्हा चारही टायर बदलले; ते बिल मात्र वडिलांना अजून दाखवलेले नाही.

नव्या पॅडना सुरुवातीला काही जपावे लागते का?

जुना मिस्त्री

होय. पहिले दोन-तीनशे किलोमीटर अगदी जोराचा ब्रेक टाळा, अर्थात प्रसंग आला तर दाबायलाच हवा. कळंब्याकडे एखादा मोकळा सरळ रस्ता पाहून साठवरून वीसवर मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा आणि प्रत्येक वेळी मधे थोडे अंतर गाडी तशीच चालू द्या, म्हणजे डिस्कला वारा लागेल. शेवटी ब्रेक दाबून धरून उभे राहू नका. तापलेला पॅड जिथे चिकटून राहील तिथे डिस्कवर त्याचा ठसा उमटतो आणि पुढे तीच थरथर तुम्ही ‘डिस्क वाकली’ म्हणून उद्यमनगरकरांकडे घेऊन जाल. परत आल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन पाहा, स्पर्श न करता. डावे-उजवे सारखेच गरम लागले, तर पिन मोकळी झाली असे समजा.