पहिली सिंगल स्की सेकंडहँड घ्यायचीये, रुंद घेऊ की स्पर्धेवाली?

धागाकर्ता:
मंडळी, सल्ला हवाय. दोन वर्षं झाली वॉटर स्कीइंग करतोय, म्हणजे बोटीमागे दोरी धरून पाण्यावर, तेही दोन स्कींवर, पाण्यातून उठणं, बोटीच्या लाटेपलीकडे जाऊन परत येणं जमतं, आता एका स्कीवर यायचंय, म्हणजे स्लॅलम. वजन ८२ किलो, बजेट ताणून २० हजार. बोट मित्राच्या काकांची, ६० एचपीचं आउटबोर्ड (मागे बाहेर लावलेलं) इंजिन, रविवारी पहाटे धरणावर मिळते. पुण्यात ही वस्तू दुकानात जाऊन हातात घेऊन बघायची सोय नाही, ओळखीतून दोनच मिळाल्यात. एक कॉनेली कंपनीची रुंद, ६७ इंची, बरीच जुनी, पुढे रबरी बूट, मागे टो प्लेट (मागच्या पायाचा पुढचा भाग सरकवायचा पट्टा), १२ हजार. दुसरी कार्बनची, स्पर्धेतली अरुंद, ६६ इंची, दोन्ही पायांना बूट, १९ हजार. नवी घेतलीस तर लाखाच्या वर जाईल म्हणतो विकणारा. मला मनातून दुसरी घ्यावीशी वाटतेय, कारण दर दोन वर्षांनी एवढा खर्च मला झेपणार नाही. चुकतोय का?

सिंहगडरोडकर:
अजिबात चुकत नाहीयेस, कार्बनवाली उचल. रुंद स्की म्हणजे शिकाऊ सायकलची मागची दोन छोटी चाकं, सहा महिन्यांत कंटाळशील आणि मग इथे तिला गिऱ्हाईक कोण मिळणार? अरुंद स्की कडेवर झोपते, वळण कापते, तीच तर स्लॅलमची मजा आहे. रुंदीवर सपाट चालायची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो, मी स्वतः त्यातून गेलोय.

पवनाकाठ:
माझा ठाम विरोध. स्कीबद्दल बोलताय, बोटीचं कोण बोलणार? स्पर्धेची स्की बनते कशासाठी, तर पुरुषांच्या ५८ आणि महिलांच्या ताशी ५५ किमी वेगासाठी, ६ बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांना) वळसे घालायला, आणि तिथे ओढणारी बोटही त्याच कामासाठी बनवलेली असते, आत बसवलेल्या मोठ्या इनबोर्ड इंजिनाची. शिकणारा माणूस ४० ते ४५ वर असतो. त्या वेगाला अरुंद स्की नीट वर येतच नाही, शेपूट खाली बसतं, पाणी ढकलत जाते आणि तू नुसता दोरीला लोंबकळतोस. आता ६० एचपीत चालवणारा, मागे लक्ष ठेवणारा आणि ८२ किलोचा तू, एवढं ओझं खोल पाण्यातून उचलायचंय. आमच्या ग्रुपमधल्या एकाला अशाच अरुंद स्कीवर सलग नऊ वेळा खेचला, दहाव्या वेळी त्याची मूठच वळेना, आणि पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. रुंद स्कीला पृष्ठभाग जास्त म्हणून ती कमी वेगातच वर येते. कॉनेली कॉन्सेप्ट, एचओ ऑम्नी, रडार बटरनाइफ ही सगळी मॉडेलं त्यासाठीच रुंद केलीयेत, त्यात कमीपणा कसला?

सिंहगडरोडकर:
अरे पण उठणं हे तंत्राचं काम आहे. गुडघे छातीशी, हात सरळ, बोट उचलेपर्यंत हँडल स्वतःकडे ओढायचं नाही, एवढं पाळलं तर अरुंदवरही उठतात लोक. आणि पुढे वेग वाढला की रुंद स्की पाण्यावर फार उंच चालते, कडेवर टाकायला जीव जातो, तेव्हा काय करणार?

पवनाकाठ:
दादा, पुढे म्हणजे कधी? पाण्याचे दिवस मोजा ना. पावसाळ्यात बंद. मे महिन्यात धरण खाली गेलं की खडक आणि झाडांचे बुंधे वर येतात, तेव्हा स्कीचं नावच नको. बाकी रविवारी नऊनंतर वारा आणि सहलीच्या बोटी. हातात उरतात ते मोजके तास, ते उठण्यातच घालवायचे का? आणि त्या काकांच्या बोटीला ५५ गाठणं जड जाईल, मग वेग वाढायचा प्रश्न येतोच कुठे.

मुळशीताई:
दोघांनाही विचारते, आधी आहे ते तर वापरू दे त्याला! तुझ्या सध्याच्या जोडीतल्या एका स्कीवर पुढच्या बूटामागे जादा पट्टा आहे का बघ, कॉम्बो जोडीत असतो. असेल तर दोन्हींवर उठ, वेग आला की एक पाय सोड आणि तो पाय हळूच मागच्या पट्ट्यात सरकव. मी अशीच शिकले. सुटलेली स्की काठाजवळ सोड आणि उचलायला माणूस ठेव, दुसऱ्या बोटीच्या वाटेत तरंगत राहिली तर अपघात होईल. कोणता पाय पुढे ठेवायचा तेही यातच कळतं, दोन स्कींवर असताना आलटून पालटून एकेक पाय उचलून बघ, ज्या पायावर जास्त स्थिर राहतोस तो पुढे.

पवनाकाठ:
ताई बरोबर आहेत, पण जोडीतली ती स्की डगडगते, फिन, म्हणजे शेपटाखालचं उभं पातं, छोटं असतं. पंधरा दिवस ठीक.

जुनं_फिन:
अरुंद रुंद वाद चालू दे, सेकंडहँड आहे तर आधी माल तपास. स्कीवर बोटाने टकटक करत टोकापासून शेपटापर्यंत जा, आवाज कुठे एकदम बोदा झाला तर आतला फोम पाणी प्यायलाय किंवा थर सुटलेत. कडेच्या जोडावर आणि पुढच्या बूटाच्या आसपास केसासारखी भेग शोध, तिथेच वजन पडतं. बूटाचे स्क्रू काढून परत घट्ट कर, नुसते फिरत राहिले तर आतले इन्सर्ट (स्क्रू धरून ठेवणारे आटे) गेलेत आणि ते दुरुस्त करणं कटकटीचं. रबर टाचेपाशी ताणून बघ. पाय मावतो का तेही बघ, बूट ओला करून घाल. आणि नवशिक्याला दोन्ही पाय बांधणारे बूट देऊ नका रे. माझा मागचा पाय सुटला, पुढचा अडकून राहिला, घोटा असा पिरगळला की दीड महिना जिना चढलो नाही. टो प्लेट असली की मागचा पाय सुटा ठेवून तोल सावरता येतो.

धागाकर्ता:
काल दोन्ही बघून आलो. कार्बनवालीच्या पुढच्या बूटाजवळ बारीक रेघ दिसली, विकणारा म्हणतो नुसता रंग उडालाय, मला खात्री देता येत नाही. रुंदवालीचा आवाज सगळीकडे सारखा आहे, पण रबर टाचेला तडकलंय आणि एक स्क्रू फिरतोय. १२ वरून ९ म्हणालो, १० ला तो तयार झाला. रुंदवाली घेतोय. माझ्या जोडीत पट्टा आहे ताई, या रविवारी काठाजवळ एक सोडून बघतो.

सिंहगडरोडकर:
माझं मत अजून तेच आहे, पण भेग असलेली स्की मी पण सांगणार नाही. फिनला आडवी विंग असेल तर ती काढून ठेव, ती ब्रेकसारखी धरते, तुला आत्ता नकोय. फिन मात्र हलवू नकोस, आणि त्या एका स्क्रूचा बंदोबस्त केल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस.